चर्चचे आवार कोणासाठी?

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांत एक नवाच भक्तिभाव रुजला आहे. तो फरशीविषयीचा. सणाची वर्गणी थोडी अधिक जमली, किंवा एखाद्या कुटुंबाने आईवडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली, की पहिला विचार होतो तो आवारात पेव्हर ब्लॉक बसविण्याचा. चिखल होत नाही, गाड्या नीट उभ्या राहतात, फेस्ताच्या दिवशी मंडप घालणे सोपे जाते. ही कारणे खोटी नाहीत. पण या सोयीपायी आपण आवारातली माती एकेका वर्षाने गाडत चाललो आहोत. जो तुकडा उरतो त्यावर हिरवळ लावायची, भोवती साखळी बांधायची आणि आत पाऊल टाकू नये अशी पाटी ठोकायची, असा प्रघात पडला आहे. ज्या देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवले आणि तिची मशागत त्याच्याकडे सोपविली, त्याच्या मंदिराभोवती मातीला हात लावण्यास मनाई असावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट सांगतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत चर्च, शाळा, कॉन्व्हेंट, दवाखाना यांच्या आवारात जी मोकळी जमीन अजून शिल्लक आहे, तिच्यातील दोन-चार गुंठे तरी ज्यांचे मन आजारी आहे त्यांच्यासाठी सामाईक बाग म्हणून राखून ठेवावेत. आणि त्या बागेत त्यांच्या सोबतीला एक जबाबदार माणूस कायम असावा. यातील दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. तिच्याविषयीच आम्ही अधिक बोलणार आहोत.

मन आजारी असलेली माणसे आपल्यात आहेत कोठे, असे कोणी विचारील तर त्याने आपल्याच आळीत नजर फिरवावी. इस्पितळातून गोळ्यांची पुडी घेऊन परतलेला आणि तेव्हापासून खाटेवर पडून छताकडे पाहणारा तरुण. सहा महिने दारूला शिवला नाही, पण संध्याकाळ झाली की हात कुठे ठेवावेत हे ज्याला समजत नाही असा गृहस्थ. नवऱ्याच्या निधनानंतर मिस्सेलाही येईनाशी झालेली बाई. निवृत्त होऊन घरात अडगळ झालेले मास्तर. 2015-16 साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने आपल्या देशातील प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे नोंदविले, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असेही सांगितले. दहा माणसांत एक. रविवारच्या मिस्सेत प्रत्येक बाकावर, किंवा त्यामागच्या बाकावर, असा एकजण बसलेला असतो. किंवा बसायला हवा होता आणि घरी राहिलेला असतो.

त्यांच्यासाठी आपण काय करतो? विश्वासूंच्या प्रार्थनेत आजाऱ्यांचा उल्लेख करतो. नाताळात त्यांच्या घरी केक पाठवितो. घरचे फारच थकले तर कोणत्या तरी आश्रमाचा पत्ता देतो. प्रार्थनेस आम्ही कमी लेखत नाही. आमची तक्रार इतकीच आहे की या सर्व प्रकारांत तो माणूस सतत घेणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. त्याच्याकडून कोणी काही मागत नाही. कोणी त्याची वाट पाहत नाही. आज तू आला नाहीस म्हणून अमुक काम अडले, असे त्याला सांगणारे या जगात कोणी उरलेले नसते. आजाराइतकेच हे निरुपयोगीपण माणसाला आतून पोखरते.

बागेचा गुण येथे आहे. वाफ्यातील मेथीला आजाराचे नाव ठाऊक नसते. पाणी मिळाले तर ती चार-पाच दिवसांत डोके वर काढते, न मिळाले तर मान टाकते, आणि यांपैकी काय घडावे हे त्या खाटेवर पडून राहणाऱ्या तरुणाच्या हाती असते. महिन्याभरात मेथीची जुडी बांधता येते, दीड महिन्यात मुळा उपटता येतो. गवार, घेवडा, दोडका थोडे अधिक थांबायला लावतात. शेवग्याला वर्ष द्यावे लागते. ज्याला उद्याचा दिवस उगवेल की नाही याचीच शाश्वती वाटत नाही, त्याला आधी मेथीचा भरवसा द्यावा आणि मग हळूहळू शेवग्याकडे न्यावे, हे कोणत्याही जाणत्या माळ्याला सहज समजेल. नेदरलँड्समध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना मुद्दाम तणावाचे काम देण्यात आले. त्यानंतर अर्ध्यांनी अर्धा तास बागेत काम केले आणि अर्ध्यांनी तेवढाच वेळ घरात वाचन केले. ताण पडला असता शरीरात जे कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते, त्याचे प्रमाण दोन्ही गटांत उतरले, पण बागेत काम करणाऱ्यांत अधिक उतरले. प्रयोग लहान होता. त्याने जग जिंकले असे आम्ही म्हणत नाही. बागेने गोळी बंद होते असेही कोणी समजू नये. औषध देणे डॉक्टरांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावे. पण गोळी घेतल्यानंतर उरलेला दिवस कसा जावा, याचे उत्तर कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

आता सोबतीविषयी. लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला आपण दरवर्षी नाही तरी वारंवार ऐकतो. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडावयास सांगतो, आणि माळी म्हणतो की आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. प्रवचनांत या दाखल्यातून सहसा पश्चात्तापाचा उपदेश निघतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या माळ्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. त्याने झाडाला उपदेश केला नाही. त्याने मुदत मागितली आणि स्वतःचे श्रम देऊ केले. ज्या बागेत असा माळी नाही, ती बाग आजारी माणसाला बरे करीत नाही. उलट, चार दिवसांत सुकलेले वाफे पाहून तो अधिकच खचतो, आणि आपल्या हातून काहीच होत नाही याचा आणखी एक पुरावा त्याच्या गाठीस लागतो. म्हणून एका रविवारी तरुण मंडळींनी उत्साहाने रोपे लावायची, फोटो काढायचे आणि पुढच्या रविवारी विसरून जायचे, या प्रकाराला आमचा सक्त विरोध आहे. त्यापेक्षा फरशी बरी. ती कोणाची आशा तरी मोडीत नाही.

हे सारे परदेशी खूळ आहे असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही दूर कोठे न नेता सांगली जिल्ह्यातील आटपाडीस नेतो. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. म्हणजे हा इतिहास दोन्ही जिल्ह्यांच्या मालकीचा आहे. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून ज्यांचे नाव आजही घेतले जाते, ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी घटना दिली. त्याच सुमारास, पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले आणि पुढे भारतानंद या नावाने ओळखले गेलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. तिला भिंती नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्या माणसांना तेथे आपल्या बायकामुलांसह राहावयास आणि जमीन कसावयास देण्यात आले. तुरुंगाचे नाव ठेवले स्वतंत्रपूर! त्या काळातील कोणाही शहाण्या माणसाने या नावास हसून दाद दिली असती. संस्थान 1948 साली विलीन झाले, राजे गेले, फ्रिडमनही गेले. स्वतंत्रपूरची खुली वसाहत मात्र राज्याच्या कारागृह खात्याने पुढे चालू ठेवली.

या वसाहतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट कोणती? जमीन कैद्याला मोकळे सोडून देण्यासाठी दिलेली नव्हती, आणि त्याच्याकडून श्रम पिळून काढण्यासाठीही नव्हती. पेरणीची चिंता त्याची, पीक त्याच्या घरात, आणि ते पाहावयास त्याचे कुटुंब शेजारी. आटपाडी हा पावसाने कायम ओढ दिलेला मुलूख. तेथे पीक घेणे म्हणजे रोज उठून आशेची परीक्षा देणे. तीच परीक्षा ज्याच्यावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता अशा माणसापुढे ठेवली गेली, आणि सोबत असे गृहीत धरले गेले की तो ती देईल. बरे होण्याचा आरंभ आपल्याविषयी कोणी तरी असे काही गृहीत धरण्यापासून होतो.

याच मातीतून निघालेली कथा आटपाडी भागाचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट केला. सहा खुनी कैदी, एक जेलर, एक उजाड जमीन. ते भाजी पिकवितात, बाजारात रास्त भावाने विकतात आणि दलालांचे वैर ओढवून घेतात. या चित्रपटातील प्रार्थना आपल्या कॉन्व्हेंटच्या शाळांतूनही म्हटली जाते. पण आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की 1958 च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांच्या विशेष पारितोषिकाबरोबरच आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचेही पारितोषिक मिळाले होते. युरोपातील कॅथलिकांना आटपाडीच्या मातीत शुभवर्तमान दिसले. त्या मातीपासून एका दिवसाच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्याला ते दिसू नये, याचे नवल वाटते.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही हे धन पडून आहे. बेल्जियममध्ये गील नावाचे गाव आहे. आयर्लंडची राजकन्या संत डिम्फ्ना वेडाच्या भरात पाठलाग करणाऱ्या पित्याच्या हातून तेथे मारली गेली, अशी परंपरा सांगते. म्हणून मनोरुग्णांची आश्रयदात्री म्हणून तिची भक्ती होऊ लागली. यात्रेला आणलेले रुग्ण चर्चला जोडलेल्या खोल्यांत मावेनासे झाले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. ते कुटुंबात जेवले, गोठ्यात आणि शेतात घरच्यांबरोबर राबले. ही प्रथा मध्ययुगापासून चालत आली. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्या एका गावात साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण घरोघर राहत होते, आणि संख्येने आज पुष्कळच घटली असली तरी ती प्रथा टिकून आहे. आपण संतांच्या तसबिरी लावतो, नोव्हेना करतो. डिम्फ्नाच्या भक्तांनी घरातले एक ताट वाढविले आणि शेतातले एक खुरपे.

आता आक्षेपांकडे वळू. त्यांपैकी एक आक्षेप इतका गंभीर आहे की त्याचा विचार न करता ही बाग उभी राहिली तर ती आम्हांलाच नको आहे. तो असा: तुम्ही ज्याला उपचार म्हणता, त्यातून सुटण्यासाठी आमच्या आजोबांनी जन्म घालविला. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांच्या मागच्या पिढ्यांनी दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या शब्दावर, शिळ्या भाकरीवर काम केले आहे. वतनाच्या नावाखाली वेठ राबली. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली ती 1958 साली, म्हणजे अनेक घरांतील वृद्धांच्या आठवणीतली गोष्ट आहे. अशा घरातील मुलाने पदवी घेतली, नोकरी केली, आजारी पडला, आणि आता फादर त्याच्या हाती खुरपे देणार! त्याच्या आईला काय वाटेल?

आईला जे वाटेल ते खरे असेल. मातीचे गोडवे गाणाऱ्यांत बहुधा ज्यांना मातीत राबावे लागले नाही असेच अधिक असतात, हेही आम्ही मान्य करतो. परंतु वेठीत जे नव्हते तेच या बागेचा पाया असले पाहिजे. वेठीत काय पेरायचे हे दुसरा ठरवी. येथे काम करणाऱ्यांनी ठरवावे. वेठीत पीक मालकाच्या खळ्यावर जाई. येथे ते पिकविणाऱ्याच्या घरी जावे, आणि विकले तर पैसे त्याचे. वेठीत नाही म्हणण्याची सोय नव्हती. येथे आज मन नाही म्हणून नुसते झाडाखाली बसून राहणाऱ्यालाही तितकाच मान असावा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही, रुग्णालये आणि संस्थांपुरते का होईना, रुग्णावर कामाची सक्ती करू नये आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा असे सांगितले आहे. धर्मग्रामाने कायद्याहून एक पाऊल मागे राहू नये. धर्मगुरूंच्या स्वयंपाकघरासाठी फुकट भाजी पिकविणारी बाग, मग तिला कितीही पवित्र नाव द्या, वेठच आहे.

आणखी एक गोष्ट. त्या बागेत आजारी माणसांचाच कळप नसावा. नाही तर तिला ताबडतोब नाव पडेल, आणि ते नाव काय असेल हे सांगावयास नको. निवृत्त मास्तर, प्रथम ख्रिस्तशरीर घेणारी मुले, हातास काम हवे असलेल्या विधवा, सुट्टीवर आलेला एखादा ड्रायव्हर, असे सगळे एका वाफ्याशी ओणवे झाले, की कोण कोणाला बरे करीत आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला ओळखता येऊ नये.

भीतीचा आक्षेप आम्ही थोडक्यात निकालात काढतो. मनोरुग्णाच्या हाती विळा-कुदळ द्यायची कशी, असे विचारणाऱ्यांनी स्वतंत्रपूर आठवावे. तेथे खुनाची शिक्षा झालेल्यांच्या हाती कुऱ्हाडी दिल्या गेल्या, आणि त्यांच्या अंगणात त्यांचीच मुले खेळत होती. मनाच्या आजाराने पिचलेला माणूस इतरांना इजा करण्यापेक्षा इतरांकडून दुखावला जाण्याचाच संभव अधिक असतो.

पाण्याचा आक्षेप मात्र या मुलखात हसण्यावारी नेता येत नाही. माण, खटाव, जत, आटपाडी येथे उन्हाळ्यात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते. तेथे हिरव्या पालेभाज्यांचा हट्ट धरू नये. धर्मगुरूनिवासाचे आणि शाळेचे भांडी-धुण्याचे पाणी, चर्चच्या कौलांवरून पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी, आणि त्यावर जगतील अशी शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू यांची झाडे. एवढ्यावर बाग होऊ शकते. आमचा हिशेब असा की हिरवळीला जे पाणी आज कोणी मोजीत नाही, ते प्रथम मोजावे.

राहिला पैशाचा प्रश्न. बियाण्याला पैसे लागत नाहीत म्हटले तरी चालेल. लागतात ते त्या एका माणसासाठी. त्याला किंवा तिला पगार असावा. शेतीतले कळणारी, आवाज न चढविणारी, कोणत्या गोळ्यांनी ऊन सोसत नाही आणि कोणाला वारंवार पाणी पाजले पाहिजे हे डॉक्टरांकडून समजून घेण्याइतकी दक्ष अशी व्यक्ती हवी. काम सकाळी, ऊन चढण्यापूर्वी. सिस्टरांपैकी कोणी हे करील, असे म्हणून मोकळे होण्याची आपली जुनी सवय आहे. पण सिस्टरांच्या अंगावर शाळा आहे, वसतिगृह आहे, दवाखाना आहे. आवाराच्या फरशीसाठी जी रक्कम एकदा जमते तिच्या व्याजातून नव्हे, तर त्या मुद्दलातूनच दोन-तीन वर्षांचा पगार निघेल. प्रत्येक धर्मग्रामाच्या वित्त समितीने हा हिशेब मांडून पाहावा.

आणि आपण कुटुंबांनी काय करावे? भाजी विकत घ्यावी. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसह आनंदवन उभे केले तेव्हा शेते पिकली, पण त्या हातांची भाजी घ्यावयास सुरुवातीस गावकरी धजत नव्हते. जमिनीने स्वीकारले होते, बाजाराने नाकारले. हाच अनुभव आपल्या फाटकाशी येऊ शकतो. मिस्सा संपल्यावर बाहेर टोपली मांडलेली असेल, आणि तिच्यामागे तो गोळ्या घेणारा तरुण बसलेला असेल. त्याच्याकडून मेथीची जुडी घ्यावी, भाव करावा, कोवळी नाही अशी तक्रारही करावी. दया म्हणून दहाची नोट टाकून जुडी तेथेच ठेवून जाऊ नये.

2015 साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी असिसीच्या संताची एक आठवण नोंदविली आहे: मठाच्या बागेचा एक भाग अस्पर्श ठेवावा, तेथे रानफुले उगवू द्यावीत, असे तो सांगत असे. या विश्वपत्रावर आपल्याकडे शिबिरे झाली, भित्तिपत्रके झाली, निबंधस्पर्धाही झाल्या. शिबिरांना आलेल्यांना चहा मिळाला तो फरशीवर उभे राहून, कागदी पेल्यांतून.

आमची मागणी मोठी नाही. पुणे धर्मप्रांताच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील धर्मग्राम परिषदांनी येत्या उन्हाळ्यातील एका सभेत हा विषय घ्यावा. आवाराचा नकाशा टेबलावर पसरावा, फरशीखाली गेलेले आणि न गेलेले असे दोन भाग त्यावर रंगवावेत आणि दोन गुंठ्यांवर बोट ठेवावे. त्या सभेस एखाद्या रुग्णाला आणि त्याच्या आईलाही बोलवावे; त्यांच्याविषयी ठराव त्यांच्या पाठीमागे होऊ नयेत. रोहिणीच्या आधी जमीन खणून तापली पाहिजे, मृगात बी पडले पाहिजे. पावसाचे वेळापत्रक समितीच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. आणि पहिल्या दिवशीच एक गोष्ट ठरवून टाकावी: बागेच्या फाटकाची किल्ली शिपायाकडे राहू नये, धर्मगुरूंकडेही राहू नये. तिच्या चार प्रती कराव्यात आणि बागेत काम करणाऱ्यांच्या हाती द्याव्यात.